घरपोच शुश्रूषा आणि संस्थेचे वळण

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या हिवरखेडमधील कर्करुग्णाची उपचारासाठीची वाट बहुधा ठरलेली असते. आधी अकोट किंवा तेल्हाऱ्याचा डॉक्टर, मग अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय आणि तिथून नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय. जाण्याच्या या वाटेवर प्रत्येक टप्प्याला चिठ्ठी आहे, खिडकी आहे, क्रमांक आहे. परंतु ‘आता घरी न्या’ असे सांगितल्यानंतर जी परतीची वाट सुरू होते, तिच्यावर रुग्णाच्या बायकोखेरीज किंवा सुनेखेरीज सहसा कुणीच नेमलेले नसते. खर्रा आणि तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग, पक्षाघातानंतरचे अंथरूण आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात सतत ऐकू येणाऱ्या मूत्रपिंडाच्या तक्रारी यांचा विचार केला, तर या भागात घरी पोहोचणाऱ्या शुश्रूषेची गरज दुर्मीळ नसून रोजची आहे, हे ध्यानात येते.

अशा शुश्रूषेची वैद्यकशास्त्रातील संज्ञा ‘उपशामक शुश्रूषा’, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, अशी आहे. रोग बरा होवो वा न होवो, वेदना, धाप, मळमळ, जखमांचा वास, भीती आणि कुटुंबाची ओढाताण कमी करणे हे तिचे काम. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी हेच काम जिथे वाहिलेले असते, त्या संस्थेला ‘हॉस्पिस’ म्हणतात. आधुनिक हॉस्पिसचा पाया लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी 1967 साली सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमध्ये घातला गेला. साँडर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या होत्या. शरीर, मन, नातीगोती आणि श्रद्धा या चारही अंगांनी होणाऱ्या वेदनेचा एकत्रित विचार करणारी ‘समग्र वेदना’ ही त्यांची कल्पना या तिन्ही भूमिका जगल्यामुळेच इतकी ठोस झाली असावी. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, 1986 साली मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसूझा यांनी उभे केले.

मात्र इमारतीतील शुश्रूषा आणि घरपोच शुश्रूषा यांत संस्थेच्या दृष्टीने एक मूलभूत फरक आहे. वॉर्डात मेट्रनची फेरी असते, तक्ता असतो, शेजारच्या खाटेवरचे डोळे असतात. घरात गेलेली परिचारिका मात्र एकटी असते आणि तिने रुग्णाची कूस बदलून पाठ पाहिली की नुसते दारातून विचारून ती परतली, हे वरिष्ठांना कळण्याचा खात्रीचा मार्ग नसतो. नोंदवहीत दोन्ही भेटी सारख्याच दिसतात. म्हणून या क्षेत्रात ‘संस्थेची संस्कृती’ हा व्यवस्थापनाच्या पुस्तकातला शोभेचा शब्द राहत नाही. कुणी पाहत नसताना कर्मचारी जे करतो ते, आणि चूक झाली तर ती तो सांगतो की झाकतो हे, अशी तिची अगदी व्यवहारी व्याख्या करता येते. नेतृत्वाचे काम हे वळण लावण्याचे, ते टिकवण्याचे आणि मुख्य म्हणजे ते बिघडेल असे काही न करण्याचे.

असे वळण पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते, याचा महाराष्ट्रातील सर्वांत ठळक पुरावा मुंबईच्या केईएम रुग्णालयात मिळतो. 27 नोव्हेंबर 1973 रोजी झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर त्याच रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग अचेतप्राय अवस्थेत गेल्या आणि 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या शरीरावर शय्याव्रण, म्हणजे रुग्णालयीन भाषेत बेडसोर, होऊ न देणे ही किती कठीण गोष्ट आहे हे ज्याने एकदा तरी घरातले म्हातारे माणूस सांभाळले आहे त्यालाच कळेल. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 च्या निकालात या सेवेचे कौतुक तर केलेच, शिवाय शानबाग यांच्या वतीने निर्णय घेण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा असल्याचेही म्हटले. या काळात अधिष्ठाते बदलले, मेट्रन बदलल्या, ज्यांनी अरुणांना हसता-बोलता पाहिले होते त्या परिचारिका निवृत्त झाल्या. तरीही नव्याने रुजू होणाऱ्या मुलीकडे हे काम आधीच्या सिस्टरकडून येत राहिले. एका व्यक्तीच्या करिष्म्यावर हे घडलेले नाही, आणि म्हणूनच नेतृत्वाच्या अभ्यासात हे उदाहरण अधिक मोलाचे ठरते.

दुसरे उदाहरण विदर्भातलेच आहे. ते मरणाच्या नव्हे, जन्माच्या टोकाचे असले तरी घरपोच सेवेची बांधणी कशी करावी याचा धडा त्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच कमी शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले, नवजात बाळाला घरीच तपासण्याचे आणि जंतुसंसर्ग आढळल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या 39 गावांतील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, सुमारे 62 टक्क्यांनी घटला. डॉक्टरांच्या हातातली सुई गावातल्या बाईच्या हाती देण्याचे धैर्य हा या यशाचा एक भाग. दुसरा, कमी बोलला जाणारा भाग असा की ठरावीक दिवसांनी पर्यवेक्षक गावात येत, नोंदी पडताळत आणि अडलेले पुन्हा शिकवत. अधिकार देणे आणि पाठीशी उभे राहणे या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच घरपोच सेवा उभी राहते. नुसते पहिले दिले तर कर्मचारी घाबरतो आणि नुसती तपासणी केली तर तो कागद रंगवायला शिकतो.

वेदनाशमनाच्या बाबतीत अधिकाराचा हा प्रश्न मॉर्फिनपाशी येऊन अडतो. तीव्र कर्कवेदनेवर तोंडाने घेण्याच्या मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त आणि प्रभावी आहेत. साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते आणि बद्धकोष्ठता टाळण्यासाठी सोबत रेचकही लागते, इतके हे शास्त्र सरळ आहे. तथापि 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या गुंतागुंतीमुळे रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच टाळले. 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी ही वाट पुष्कळ सोपी केली, पण एक संपूर्ण पिढी मॉर्फिन न वापरताच डॉक्टर झाली होती, आणि कायदा बदलला म्हणून सवय बदलत नाही. मान्यता मिळवण्यासाठी अर्ज करणे, साठ्याची वही ठेवणे आणि ‘उगाच कशाला झंझट’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना पटवणे हे काम कुणीतरी अंगावर घ्यावेच लागते. रुग्णाची रात्र शांत जाणे अनेकदा एका अधिकाऱ्याच्या अशा कंटाळवाण्या चिकाटीवर अवलंबून असते.

केरळने अधिकाराचा हा प्रश्न निराळ्या बाजूने सोडवला. 1993 साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे मलप्पुरम परिसरात शेजाऱ्यांचे जाळे उभे राहिले. त्यात रुग्ण शोधणे, पैसा जमवणे आणि घरातल्या अडचणी सोडवणे हे सारे प्रशिक्षित स्वयंसेवकांकडे असते, तर डॉक्टर व परिचारिका त्यांच्या मदतीला येतात. निर्णयाची खुर्ची डॉक्टरकडून गावाकडे सरकली, ही यातील खरी क्रांती. नेदरलँड्समध्ये 2006 साली योस द ब्लॉक यांनी स्थापलेल्या ‘ब्युर्टझॉर्ख’ या गृहशुश्रूषा संस्थेतही जास्तीत जास्त 12 परिचारिकांचे गट मुकादमाविना आपले काम आपणच ठरवतात. केरळच्या शासनाने 2008 मध्ये उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले, केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 मध्ये आला आणि 2018 पासूनच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या 12 सेवांमध्ये वृद्धांच्या काळजीसह हिचाही समावेश झाला.

वऱ्हाडाला सेवेची परंपरा नवी नाही. गाडगेबाबांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही राहतात. स्वातंत्र्याच्या आगेमागे अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी ‘तपोवन’ उभे केले. आणि गुरुदेव सेवा मंडळ उभे करणाऱ्या तुकडोजी महाराजांनी कर्करोगाशी झुंज देत 11 ऑक्टोबर 1968 रोजी गुरुकुंज मोझरीला देह ठेवला. परंतु या परंपरेचा एक दोषही सांगितला पाहिजे. आपल्याकडील सेवासंस्था बहुधा एका त्यागमूर्तीभोवती उभ्या राहतात. कर्मचाऱ्यानेही त्याच मापाचा त्याग करावा अशी अपेक्षा मग नकळत रुजते आणि पगार, रजा, थकवा यांविषयी बोलणे कमीपणाचे ठरते. मरणासन्न रुग्णांबरोबर रोज काम करणारी परिचारिका आतून कोरडी पडते, हे जगभरच्या हॉस्पिसमध्ये मान्य झालेले आहे. तिला रुग्ण गेल्यावर बोलायला जागा, अधूनमधून कामात बदल आणि वेळेवर वेतन देणे ही नेतृत्वाची जबाबदारी आहे, मेहरबानी नव्हे.

हिवरखेडसारख्या गावात हा सारा भार अखेर आशाताईंवर येतो. सुमारे हजार लोकसंख्येमागे एक असलेली ही कार्यकर्ती गरोदर बायांपासून क्षयरोग्यांपर्यंत सर्वांच्या नोंदी ठेवते, कामागणिक मोबदल्यावर राबते आणि आरोग्य यंत्रणेच्या उतरंडीत सर्वांत खाली उभी असते. तरीही कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे हे तिलाच आधी ठाऊक असते. तिच्यावर आणखी एक रकाना लादून उपशामक शुश्रूषा गावात येणार नाही. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला रीतसर प्रशिक्षण, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिनचा साठा, अडचणीच्या वेळी फोन उचलणारा एक डॉक्टर आणि आठवड्यातून एकदा एकत्र बसून अवघड रुग्णांविषयी बोलण्याची सवय, एवढ्या गोष्टी हव्यात. यांपैकी एकीलाही नवी इमारत लागत नाही. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी सामुदायिक प्रार्थनेइतक्याच नेमाने अंथरुणाला खिळलेल्या दोन-दोन घरांची जबाबदारी उचलावी, आणि गावच्या कारभाऱ्यांनी रुग्णवाहिकेच्या उद्घाटनाची फीत कापण्याआधी आशाताईंना खुर्ची देऊन, कोणत्या घरी काय हवे आहे ते विचारावे.