घरातील अग्नी : लेखांक सातवा – सुगंधी मेणबत्ती

मागील लेखांकात स्वयंपाकाच्या गॅसचा विचार झाला. आज त्याच घराच्या बैठकीत अलीकडे मानाने येऊन बसलेल्या सुगंधी मेणबत्तीकडे वळू. रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी मेणबत्ती ही वस्तू कालपरवापर्यंत भारनियमनाच्या रात्रीपुरती, ताटलीत मेणाचे दोन थेंब सांडून त्यांवर उभी करण्याची होती. आता ती काचेच्या पेल्यात, चंदनाचा किंवा मोगऱ्याचा वास घेऊन दिवाळीच्या भेटींत आणि वास्तुशांतीच्या आहेरांत येऊ लागली आहे, आणि तिच्यामागोमाग सुवासिक मेणाच्या वड्या व त्या वितळवण्याची लहानशी विजेची उपकरणेही घरात शिरली आहेत.

ज्योत आपल्या घरांना नवी नाही; परंतु देवघरातील निरांजनाभोवती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने जो बंदोबस्त उभा केला आहे, तो या मेणबत्तीच्या वाट्याला अद्याप आलेला नाही. निरांजनात चमचाभर तूप मावते आणि ते सरले की ज्योत आपोआप शांत होते. ते पितळेचे असते, तबकात ठेवलेले असते, आणि लावणारे माणूस बहुधा समोरच बसलेले असते. पेल्यातील मेणबत्तीत मात्र ३०-४० तास पुरेल इतके इंधन एकाच जागी साठवलेले असते, आणि ती लावली जाते ती प्रकाशासाठी नव्हे, वासासाठी. वास शेजारच्या खोलीतही पोहोचतो, म्हणून माणूस निर्धास्तपणे उठून जातो, आणि जिच्यावर नजर हवी ती ज्योत पडद्याच्या, वर्तमानपत्रांच्या आणि रांगत्या मुलाच्या सान्निध्यात एकटी राहते. मुख्य धोका माझ्या मते हाच आहे. ज्या खोलीत जागे आणि जाणते माणूस नाही, तेथे मेणबत्ती जळता कामा नये, या एका नियमात हयगय झाली नाही तर बहुतेक अनर्थ टळतील.

बाकीचे नियम मात्र पाठ करण्यापेक्षा समजून घेण्याजोगे आहेत. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बालश्रोत्यांसमोर केवळ मेणबत्ती या विषयावर सहा व्याख्याने दिली आणि तीत सृष्टीचे किती नियम एकवटले आहेत ते उलगडून दाखवले. घन मेण जळत नाही. ते ज्योतीच्या उष्णतेने वितळते, वातीच्या तंतूंतून वर चढते, तेथे त्याची वाफ होते, आणि जळते ती ही वाफ. म्हणूनच नुकत्याच विझलेल्या वातीच्या धुराला काडी लावली की ज्योत त्या धुरातून उडी घेऊन वातीवर परत येते. आता वात लांब राहिली, तर गरजेपेक्षा अधिक मेण वर चढते, जितकी वाफ होते तितका प्राणवायू तिला मिळत नाही, आणि न जळलेला कर्ब काजळी होऊन पेल्याच्या कडेवर व घराच्या छतावर बसतो. ज्योत उंचावते आणि काच अवाजवी तापते. यास्तव प्रत्येक वेळी लावण्यापूर्वी, मेण थंड असताना, वात पाव इंचापर्यंत कातरावी, आणि कातरलेला तुकडा मेणात राहू देऊ नये, कारण तोच पुढे दुसरी वात होऊन पेटतो.

छताच्या पंख्याखालीही मेणबत्ती लावू नये. वाऱ्याने ज्योत डळमळली की काजळी वाढते आणि एकाच बाजूची काच तापत राहते. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणे म्हणजे शिक्षाच, हे मान्य; मग त्या दिवसांत मेणबत्तीच बंद ठेवावी. सलग चार तासांहून अधिक ती जळू देऊ नये, आणि तळाशी अर्धा इंच मेण उरले की तिची मुदत संपली असे समजावे, कारण त्यापुढे ज्योतीची आच थेट काचेच्या बुडाला लागून पेला तडकण्याचा संभव असतो.

मेणाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या मातीशी निगडित आहे. रिसोडच्या शिवारात जे सोयाबीन पिकते आणि बाजार समितीच्या आवारात ज्याच्या भावाकडे प्रत्येक शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात, त्याच पिकाच्या तेलापासून, वनस्पती तूप ज्या हायड्रोजनीकरणाच्या क्रियेने तयार होते त्याच क्रियेने, सोया मेण तयार करतात. खनिज तेलापासून निघणाऱ्या पॅराफिनपेक्षा ते नैसर्गिक, म्हणून निर्धूर व निर्धोक, अशी जाहिरात होते; ती अर्धवट खरी आहे. मूळ वनस्पतीजन्य आहे खरे, पण वात लांब ठेवली तर सोया मेणही काजळी धरते, त्यात मिसळलेली अत्तरे बंद खोलीत दमेकऱ्याला तितकाच त्रास देऊ शकतात, आणि पडदा पेटवताना ज्योत आपल्या इंधनाचे कुळ पाहत नाही. शिवाय पेल्यात ओतण्याचे सोया मेण सुमारे ५० अंशांच्या आसपास वितळते. वैशाखात पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत ते ठेवू नये.

वड्यांच्या उपकरणाला ज्योत नसते, एवढ्यापुरते ते बरे. तरी बटण चालू ठेवून गावाला जाण्याची मुभा त्याने मिळत नाही. त्यातून वास उडून जातो, मेण तसेच राहते. ते निवल्यावर खरवडून कचऱ्यात टाकावे, मोरीत ओतल्यास नळी तुंबते. तेलाच्या दिव्यांत पाणी घालतात म्हणून येथेही पाणी घालणारे आढळतात. तापलेल्या मेणाखाली पाणी उकळले की मेण सभोवार उडते.

वाढदिवसाच्या केकवरील ठिणग्या उडवणारी मेणबत्ती मात्र नावापुरतीच मेणबत्ती आहे. तिच्यात फुलबाजीच्या जातीची ज्वालाग्राही पूड भरलेली असते. पिंपरी-चिंचवडच्या तळवडे भागात ८ डिसेंबर २०२३ रोजी असल्या मेणबत्त्या तयार करणाऱ्या कारखान्याला आग लागून सहा जीव त्याच दिवशी गेले, आणि पुढे उपचार चालू असताना आणखी काही दगावले. त्यांत बहुतांश पोटासाठी राबणाऱ्या बाया होत्या. ती वस्तू लहान मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लावताना या घटनेची आठवण प्रत्येक आईबापाने ठेवावी, असे मला कळकळीने वाटते.

पेल्यातील सगळेच मेण पेटले, तर पाणी कदापि ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण अंगावर उडते. धातूचे झाकण किंवा उलटे पातेले वर ठेवून हवा तोडावी, आणि पूर्ण निवेपर्यंत ते उचलू नये. आग पसरली तर माणसांनी आधी बाहेर पडावे व १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. कातडीवर मेण पडल्यास तो भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. चिकटलेले मेण ओढून काढू नये, आणि टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही चोळू नये. स्वयंपाकघरात वास घालवण्यासाठी मेणबत्ती लावण्याची तजवीज करणाऱ्यांनी मागील लेखांकातील एक बाब ध्यानी घ्यावी: गळती कळावी म्हणून गॅसला मुद्दाम दिलेला उग्र दर्प सुवासाखाली दबू शकतो, आणि तो गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. तसा संशय आला तर काडी ओढू नये, बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात.

पुढील लेखांकात इन्व्हर्टरच्या बॅटरीचा विचार करू.