खाकी गणवेश आणि निळा गणवेश

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला आणि एका ताईंनी विषय काढला. मुलीच्या शाळेतून गाईडच्या शिबिराचा कागद आलाय, दोन रात्री बाहेर राहायचंय, सही करू की नको? कुणी म्हणालं, "मुलीच्या जातीला कशाला ते?" तेव्हा ठरवलं, हे स्काऊट-गाईड आलं कुठून, ते आज सांगायचं.

सुरुवात इंग्लंडमधली. बेडन-पॉवेल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं 1907 साली वीस मुलांना एका बेटावर नेऊन शिबिर घेतलं. तंबू ठोकणं, गाठी मारणं, माग काढणं, जखमेवर पट्टी बांधणं, असं शिक्षण. पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक आलं आणि गावोगावी मुलांची पथकं उभी राहिली.

मुलींना मात्र कुणी बोलावलं नव्हतं. 1909 साली लंडनला स्काऊटांचा मोठा मेळावा भरला, तिथं काही मुली आपण होऊन गणवेशात हजर झाल्या. आम्हीही स्काऊटच, म्हणाल्या. त्यांना परत पाठवणं जमलं नाही. म्हणून 1910 साली मुलींसाठी गाईड ही वेगळी संघटना निघाली. बेडन-पॉवेल यांच्या बहीण ॲग्नेस यांनी ती सांभाळली.

आपल्या देशात 1909 साली बंगळूरला पहिलं पथक निघालं. त्यानंतर लगेच ज्या गावांची नावं येतात, त्यांत आपल्या पुणे जिल्ह्यातली दोन आहेत, खडकी आणि लोणावळा. खडकी लष्कराची, लोणावळा रेल्वेचं. गोऱ्या साहेबांची मुलं जिथं शिकायची, तिथंच हे आधी पोचलं. मुलींचं पहिलं पथक 1911 साली जबलपूरला निघालं, तेही गोऱ्या मुलींचंच. आपल्या मुलींना दार उघडायला 1916 साल उजाडलं.

आपल्या मुलांनाही आधी घेत नव्हते. मग ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी भारतीय मुलांसाठी स्वतःची पथकं काढली. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 ला वेगवेगळ्या संघटना एक झाल्या, 15 ऑगस्ट 1951 ला गाईडही त्यात आल्या. आज शाळेत दिसते ती हीच, भारत स्काऊट्स आणि गाईड्स.

आणि पुण्यात आळंदी रस्त्यावर 'संगम' आहे. जगभरच्या गाईडचं हे केंद्र 1966 साली सुरू झालं. अशी केंद्रं साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकी. शिरूर-दौंडहून एसटीनं जाऊन येण्याच्या अंतरावर परदेशातल्या मुली येऊन राहतात, आणि आपली लेक शेजारच्या तालुक्यात दोन रात्री राहायची म्हटलं की आपला जीव खालीवर होतो.

काळजी खोटी नाही. म्हणून सही करण्याआधी शाळेत जाऊन विचारा. सोबत बाई शिक्षिका किती? मुक्काम कुठं? शौचालय, पाणी, रात्रीचा दिवा आहे का? संपर्काचा नंबर कोणता? पाळी आली तर सोय काय? उत्तरं पटली तर पाठवा, नाही पटली तर सोय करायला लावा. चार आया मिळून गेल्या की शाळाही ऐकते.

शिबिरात मुली सहा-आठ जणींची तुकडी करतात, त्यांतलीच एक नायिका होते, कामं वाटून घेतात. आपल्या गटासारखंच की हो! गळ्यातला स्कार्फ नुसता शोभेचा नाही, हात मोडला तर त्याचीच झोळी होते. विहिरीवर, शेतात, रस्त्यात कधी काय होईल सांगता येतं का? तेव्हा घाबरून न जाता हात चालवणारी एक पोरगी घरात असलेली बरी.

त्या ताईंनी शाळेत जाऊन विचारलं, मग सही केली. मुलगी परत आली ती आईला न सुटणारी गाठ शिकवत. आता त्यांच्या शेळीचं दावं त्याच गाठीनं बांधलेलं असतं.

लंडनच्या त्या मुली बोलावण्याची वाट बघत बसल्या नाहीत. आपल्या मुलींना तर बोलावणं आलंय. सही तेवढी आपली राहिलीय.