रुग्णाचे गुपित आणि कायदा

‘डॉक्टर, हे बाहेर कळू देऊ नका,’ असे सांगणारे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. कोणाला क्षय असतो, कोणाला मनाचा आजार असतो, एखाद्या भगिनीला गर्भपाताविषयी विचारायचे असते. लहान गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. म्हणून पुष्कळ जण दुखणे अंगावर काढतात आणि रोग बळावल्यावर येतात. वास्तविक रुग्णाची माहिती गुप्त राखणे हा डॉक्टरचा उपकार नव्हे; ते त्याचे कर्तव्य आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने हे बंधन घातले आहे. त्याला अपवाद तीनच. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळवणे सक्तीचे असलेले रोग. क्षयाची नोंद २०१२ पासून सरकारकडे करावी लागते. ती उपचारावर लक्ष राहावे म्हणून असते, गल्लीत सांगण्यासाठी नव्हे.

काही आजारांसाठी स्वतंत्र कायदे आहेत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीवाचून त्याची ही माहिती सहसा उघड करता येत नाही. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव उघड केल्यास २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सज्ञान स्त्रीच्या कायदेशीर गर्भपातासाठी तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आता केसपेपर संगणकात गेले आणि रिपोर्ट मोबाइलवर येऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. पुढे २०२३ साली डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा, चूक असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे. नुसत्या कागदावरील नोंदींना हा कायदा लागू नाही; तोच कागद संगणकात चढवला की लागू होतो.

गुप्तता म्हणजे रुग्णापासूनही लपवणे नव्हे. आपले कागद मागितल्यास ७२ तासांत दिले पाहिजेत, आणि दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपल्या पाहिजेत, असे त्याच आचारसंहितेत म्हटले आहे. अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी.

वाचकांनी स्वतःही काही पथ्ये पाळावीत. रिपोर्ट शेजाऱ्याच्या मोबाइलवर मागवू नये. तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. जुने रिपोर्ट फाडल्याशिवाय रद्दीत घालू नयेत. संमतीपत्रावर वाचून, समजून घेऊनच सही करावी. डॉक्टरने गुपित फोडल्यास महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते.

डॉक्टरपासून मात्र काही लपवू नका. आधीचा आजार, चालू असलेल्या गोळ्या, व्यसन, सारे मोकळेपणाने सांगा. अर्धवट माहितीवर दिलेले औषध कधी कधी रोगापेक्षाही घातक ठरते.