नुसतं धावून भागत नाही

लासुर्णे, बेलवाडी, अंथुर्णे या बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या गावांतल्या दहावी-बारावीच्या मुलांना पोलीस भरतीचे गुण तोंडपाठ असतात. मुलांसाठी १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण, ७.२६ किलोची गोळाफेक १५ गुण. तयारी मात्र बहुतेकांची एकच, पहाटे पळणे. दम वाढतो, पण खांदे, पाठ, कंबर कच्ची राहते.

कुमारवयात ताकद वाढते कशी? पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे फुगत नाहीत. मेंदू आणि मज्जातंतू जास्त स्नायूतंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकतात. लवचिकतेचंही बरंचसं तसंच आहे. सुरुवातीला स्नायू लांब होण्यापेक्षा ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढते. म्हणून ताकद कमावली की अंग आखडतं, ही समजूत टिकत नाही. सांधा पूर्ण वाकवून आणि पूर्ण ताणून केलेला ताकदीचा व्यायाम लवचिकताही वाढवतो. तालमीतले जोर आणि बैठका नेमकं हेच करतात. आपल्या वस्तादांनी ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या जपली, याचं मला मोठं मोल वाटतं.

धावणं आणि ताकद एकत्र केली तर एकमेकांना मारक ठरत नाहीत का? अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये दाखवलं, की दोन्ही जोरदार करणाऱ्यांची ताकद काही आठवड्यांनी वाढेनाशी होते. पण ते प्रौढ होते आणि जवळपास रोज कसून व्यायाम करत होते. शाळकरी मुलांना बेताच्या प्रमाणात दोन्ही करायला हरकत नाही.

वजन उचललं की उंची खुंटते, या भीतीलाही आधार नाही. काळजी घ्यायची ती वेगळी. मुलींची उंची साधारण बाराव्या, मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. तेव्हा हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा नाजूक असते. त्यामुळे आधी ढब बिनचूक, मग वजन, तेही जाणकाराच्या नजरेखाली. धावण्याआधी अंग हलतं ठेवणारा व्यायाम करावा. एकाच स्थितीत मिनिटाहून जास्त ताणून धरणं शेवटी करावं, कारण त्याने लगेचची ताकद थोडी घटते.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल करावी आणि आठवड्यात किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुख्याध्यापकांनो, खेळाचा तास गणिताला देऊ नका. त्यातले तीन दिवस जोर, बैठका आणि सूर्यनमस्कारांना द्या, मुलींनाही.