प्रबंध अडतो कुठे?

सबमिशन आलं की आपण एका रूमवर घोळक्याने बसून जर्नल्स लिहितो. पीएचडीवाल्यांचं तसं नसतं. प्रयोग संपलेले असतात, पण प्रबंध एकट्यानेच लिहायचा. रोज विचारणारं कुणी नाही! वर्षं निघून जातात. अमेरिकेत अशांना 'ऑल बट डिझर्टेशन' म्हणतात.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००५ साली यासाठी 'डिझर्टेशन बूट कॅम्प' सुरू झाला. अशा कॅम्पची पद्धत साधी असते. सगळे एका खोलीत बसतात. आज किती लिहिणार ते आधी सांगायचं. 'चॅप्टर संपवीन' असं मोघम नको, 'दोन पानं' असं नेमकं. मग मोबाईल बंद, गप्पा बंद. शेवटी हिशोब. विषय प्रत्येकाचा वेगळा, तरी शेजारचा लिहितोय म्हटल्यावर आपणही उठत नाही. खरी अडचण एकटेपणाचीच असते.

तेव्हा हॉस्टेलवरच्या पीएचडीवाल्याला 'कधी संपणार?' विचारू नका. आपल्या टेबलावर जागा करून द्या.