रोज दोन कोटी लेबलं, दंड पाच हजार

विडीचं बंडल हातात घेऊन पाहा. पंचवीस विड्या आणि त्यांभोवती गुंडाळलेला पातळ कागद. या लेबलाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचा इशारा हवा, ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर, असा नियम आहे. सिगारेटच्या सपाट पाकिटावर हा इशारा सहज दिसतो. गोल, निमुळत्या बंडलावर मात्र चित्र वळसा घेऊन मागे जातं, उरलेलं घडीत दबतं.

निपाणी ही विडीच्या तंबाखूची पेठ, म्हणून हा हिशेब इथे मांडायलाच हवा. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशात विडी ओढणारे सुमारे ७.२ कोटी आहेत. रोज ओढणारा दिवसाला सरासरी १५ विड्या संपवतो. यांतले निम्मेच रोज ओढतात असं मुद्दाम कमी धरलं, तरी दिवसाला ५४ कोटी विड्या होतात. सहा सेंटीमीटरची एक, अशा ओळीने मांडल्या तर ३२,४०० किलोमीटर. एका दिवसात विषुववृत्ताचा चार पंचमांश भाग! आणि यातली जवळजवळ प्रत्येक विडी हाताने वळलेली. मजुरी हजारावर मिळते, आणि हजारभर वळायला मान खाली घालून अख्खा दिवस जातो. म्हणजे रोज पाच लाखांहून जास्त माणसांचं, त्यांत बहुतेक बायकांचं, दिवसभराचं काम.

पंचवीसच्या हिशेबाने बंडलं झाली २ कोटी १६ लाख. तेवढीच लेबलं, रोज.

तंबाखू नियंत्रणाचा कायदा २००३चा. चित्रं आली ३१ मे २००९ला, तीही ४० टक्के आणि एकाच बाजूला. ८५ टक्क्यांचा नियम १ एप्रिल २०१६पासून लागू झाला. डिसेंबर २०१७मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द केला, जानेवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. इशाऱ्याविना माल काढणाऱ्या कारखानदाराला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विकणाऱ्या दुकानदाराला दंड १,००० रुपयांपर्यंत. कोट्यवधी बंडलांच्या धंद्याला पाच हजारांची कसली जरब?

सुट्या विडीवर तर लेबलच नसतं. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे कर्नाटकाने २०१७मध्ये आणि पलीकडे महाराष्ट्राने २०२०मध्ये सुटी विक्री बंद केली. त्या आदेशांची अंमलबजावणी पानटपरीवर झाली, तरच त्यांना अर्थ आहे.

कारण लेबल काम करतं. विडी ओढणाऱ्यांपैकी ते पाहून विडी सोडावी असं वाटलेले २००९-१०मध्ये २९ टक्के होते, २०१६-१७मध्ये ५४ टक्के झाले. सप्टेंबर २०१८पासून त्याच लेबलावर मदतीचा मोफत नंबरही छापतात: १८००-११-२३५६. तुमच्या घरात कुणी विडी ओढत असेल, तर हा नंबर त्यांना आजच लावून द्या.