खेचरांच्या वाटेवरची सायकल

अमेरिकेत ४ जुलै हा शुभारंभांचा हक्काचा दिवस. १८२८ साली त्या दिवशी वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीकाठी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स चेसापीक-ओहायो कालव्याच्या भूमिपूजनाला आले. त्यांनी फावडे मारले ते नेमके झाडाच्या मुळावर. पुन्हा मारले, पुन्हा तेच. शेवटी अध्यक्षांनी अंगातला कोट उतरवला, जोर लावून माती उकरली आणि गर्दीने जल्लोष केला. त्याच दिवशी जेमतेम साठ किलोमीटरवरच्या बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर-ओहायो रेल्वेची कोनशिला बसत होती. दोघांना गाठायचे होते एकच ठिकाण, ॲपलाचियन डोंगरांपलीकडची ओहायो नदी.

शर्यत रेल्वेने जिंकली. कंबरलंड गावात रेल्वे १८४२ मध्ये पोचली. कालवा तिथे टेकला १८५० साली, आणि तिथेच थांबला. ओहायो त्याने कधीच पाहिली नाही.

आज मात्र वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनमधून निघालेला सायकलस्वार कालव्याची ही अपुरी राहिलेली यात्रा पुरी करतो. कंबरलंडपर्यंत २९७ किलोमीटर कालव्याकाठची जुनी वाट आणि तिथून पिट्सबर्गपर्यंत २४१ किलोमीटर ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’. पिट्सबर्गला दोन नद्यांच्या संगमातून ओहायो जन्मते. जवळजवळ ५४० किलोमीटरच्या या प्रवासात अधूनमधून एखादा रस्ता ओलांडावा लागतो, काही गावांत गल्लीबोळ लागतात. एरवी मोटारगाडीशी गाठ पडत नाही. खाली खडीचा बारीक चुरा किंवा दाबलेली माती, बाजूला नदी, डोक्यावर झाडांचे छत.

असा रस्ता मुद्दाम सायकलींसाठी कुणी बांधला असता का? बहुधा नाही. या वाटेचा चढ ठरवला तो आधी खेचरांनी आणि मग कोळशाच्या मालगाड्यांनी.

कालव्यातली नाव शंभराहून अधिक टन कोळसा घेऊन चाले आणि तिला काठावरून दोराने ओढत ती खेचरे. सहा तास एक जोडी, मग नावेतल्याच तबेल्यातून ताजी जोडी बाहेर. नावाड्याचे सगळे कुटुंब नावेत राही. खेचरे हाकण्याचे काम अनेकदा घरच्या पोरांकडे असे. पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणून कालव्यात ७४ ठिकाणी लॉक बांधले. नाव दगडी हौदात घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरून तिला वरच्या पातळीवर उचलायची. अशा पायऱ्यापायऱ्यांनी कालवा १८४ मीटर वर गेला. त्यामुळे आज सायकल चालवताना एका लॉकपासून दुसऱ्यापर्यंत वाट जवळपास सपाट लागते आणि लॉक आला की छोटासा उंचवटा. नकाशा न बघताही कळते, की इथे नाव उचलली जात होती. लॉकशेजारी रखवालदाराची चुना फासलेली घरे आहेत. त्यांतली काही आता मुक्कामाला भाड्याने मिळतात.

या वाटेवरची सगळ्यात विलक्षण जागा म्हणजे पॉ पॉ बोगदा. पॉपॉ हे सीताफळाच्या कुळातले स्थानिक झाड. त्याच्या नावाच्या गावाजवळ नदी इतकी वेडीवाकडी वळते, की तिचा नाद सोडून डोंगरच फोडायचे ठरले. १८३६ मध्ये काम सुरू झाले तेव्हा अंदाज होता दोन वर्षांचा. लागली चौदा. पैसे संपले, मजुरी थकली, आयरिश, इंग्रज आणि जर्मन मजुरांत मारामाऱ्या झाल्या, मध्ये कित्येक वर्षे काम बंद पडले. ९५० मीटर लांबीच्या या बोगद्याला आतून लाखो विटांचे अस्तर आहे. आत दिवा लागतोच, आणि शहाणा माणूस सायकलवरून उतरून चालतो. एका अंगाला काळे पाणी, दुसऱ्या अंगाला भिंत, मध्ये अरुंद वाट. पाण्याच्या बाजूच्या लाकडी कठड्यावरून हात फिरवला की बोटे खाचांत अडकतात. नावांचे दोर वर्षानुवर्षे घासून पडलेल्या त्या खाचा आहेत.

१९२४ च्या पुराने कालवा मोडला तो पुन्हा चालू झालाच नाही. १९३८ मध्ये सरकारने तो वीस लाख डॉलरना विकत घेतला, आणि विकणारी होती तीच बाल्टिमोर-ओहायो रेल्वे. प्रतिस्पर्ध्याला तिने केव्हाच गिळले होते.

पुढे आले मोटारींचे युग, आणि कालव्याच्या जागेवर मोटाररस्ता करायची योजना निघाली. जानेवारी १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखात तिची पाठराखण केली. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र धाडले. त्याचा मथितार्थ असा, की रस्त्याचा कैवार घेणाऱ्याने आधी माझ्याबरोबर ही वाट चालून पाहावी. पत्रांच्या सदरात अशी आव्हाने रोज छापली जातात आणि विरतात. इथे संपादकांनी ते उचलले. मार्चमध्ये कंबरलंडहून पदयात्रा निघाली. पंचावन्न वर्षांचे डग्लस झपाझप चालणारे. भलेभले मागे पडले. सगळे अंतर चालून गेले ते नऊच जण, त्यांत न्यायमूर्ती स्वतः. अग्रलेख लिहिणाऱ्यांचे पाय सोलले, पण वर्तमानपत्राचे मतही बदलले. रस्ता बारगळला आणि १९७१ मध्ये कालव्याचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या रेल्वेवाटांच्या चळवळीतही एक वाचकपत्र आहे. १९६३ मध्ये निसर्गअभ्यासक मे थीलगार्ड वॉट्स यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला लिहिले, की बंद पडलेल्या लोहमार्गाची जागा पायवाटेसाठी राखा. त्यातून ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ उभा राहिला.

कंबरलंडपासून पुढची वाट याच जातीची. वेस्टर्न मेरिलँड रेल्वेने १९१२ च्या सुमारास डोंगरातून हा फाटा काढला तो मालगाड्यांसाठी, म्हणून चढ जपून ठेवला: साधारण सत्तावन्नास एक. आपल्या बोरघाटात तो सदतीसास एकपर्यंत जातो, यावरून कल्पना यावी. कंबरलंडहून अडतीस किलोमीटर हा चढ चिवटपणे चालूच राहतो. दम लागत नाही, पण मांड्या बोलू लागतात. ७२९ मीटरवर जलविभाजक येतो. इथे पडलेला पावसाचा थेंब एकीकडे पोटोमॅकमधून अटलांटिकला जातो, दुसरीकडे कॅसलमन, यॉकगेनी, मनाँगहेला, ओहायो, मिसिसिपी असे टप्पे घेत मेक्सिकोच्या आखाताला. तिथून पिट्सबर्गपर्यंत दोनशे किलोमीटर उतारच उतार, इतका मंद की डोळ्यांना कळत नाही, फक्त पायांना कळतो.

शेवटची थेट मालगाडी या मार्गावरून १९७५ मध्ये गेली. वाटेचा पहिला तुकडा ओहायोपाइलजवळ १९८६ मध्ये खुला झाला, शेवटचा पिट्सबर्गमध्ये २०१३ साली. मधली सत्तावीस वर्षे एकेक पूल, एकेक बोगदा मिळवण्यात गेली. जुन्या पोलाद कारखान्यांच्या आवारांतून जागा सोडवून घेणे हे जंगलातून वाट काढण्यापेक्षा अवघड निघाले. निसर्गरम्य म्हणून मिरवणाऱ्या या वाटेवर काही ओढ्यांचे दगड अजून भगव्या-तांबड्या रंगाचे दिसतात. जुन्या कोळसा खाणींतून झिरपणाऱ्या लोहयुक्त पाण्याचा तो गंज. इथली शांतता अलीकडची आहे, आणि तीही अर्धवट. नदीपलीकडे मालगाड्या आजही भोंगे वाजवत जातात.

या शांततेला कोर्टकचेऱ्यांचीही झालर आहे. अनेक रेल्वे कंपन्यांकडे जमिनीची मालकी नव्हतीच, होता फक्त गाडी नेण्याचा हक्क. गाडी बंद झाली की जमीन मूळ मालकाकडे जायला हवी, हे शेतकऱ्याचे म्हणणे खुळेपणाचे मुळीच नाही. भूसंपादनाच्या फायली पाहिलेल्या मराठी वाचकाला ते पटायला वेळ लागू नये. १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तोड काढली: मार्ग ‘रेल्वे बँके’त ठेवायचा. रूळ उचलले तरी कागदोपत्री रेल्वे जिवंत, पुढेमागे गाडी आणायची मुभा कायम, तोवर लोकांनी चालावे नि सायकली फिरवाव्यात. व्हरमाँटमधल्या एका दांपत्याने याला आव्हान दिले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण भरपाई मागण्याचे दार उघडे ठेवले. २०१४ मध्ये वायोमिंगमधल्या एका खटल्यात तर आठ विरुद्ध एक मतांनी निकाल जमीनमालकाच्या बाजूने लागला; तिथला हक्क १८७५ च्या कायद्याखालचा होता आणि मार्ग सोडून दिल्यावर तो संपला, असे न्यायालयाने म्हटले. वाट वाचवणाऱ्यांना हे बोचले. निकाल मात्र वाचल्यावर चुकीचा वाटत नाही.

सायकलीबद्दल थोडे. रस्त्यावरची बारीक चाकांची सायकल ॲलेगेनीच्या चुनखडीच्या चुऱ्यावर कशीबशी निभावते; कालव्यावर पाऊस पडून गेला असेल तर नाही. तिथली माती चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि काडीने खरवडल्याशिवाय चाक फिरत नाही. अलीकडे काही टप्प्यांवर दगडाची भुकटी अंथरून वाट सुधारली आहे, पण मुळे नि खड्डे आहेतच. चाळीस मिलिमीटरचे टायर आणि हवा थोडी कमी, हा तिथला अनुभवी सल्ला. कालव्याकाठी काही काही मैलांवर तंबूच्या फुकट जागा आहेत: एक टेबल, एक संडास आणि हातपंप. पाणी आयोडीन घालून शुद्ध केलेले असते, त्यामुळे चहा केला तरी औषधाची चव जात नाही.

ऋतूचा हिशेब मात्र पक्का ठेवावा लागतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हातपंप बंद असतात. जलविभाजकाजवळचा एक किलोमीटर लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा डिसेंबरमध्ये दारे लावून बंद करतात, कारण आत पाझरणारे पाणी गोठले तर अस्तर फुटते. तो उघडतो वसंतात. दिवाळीत तिकडच्या नातेवाइकांकडे जाणाऱ्याला पानगळीचे रंग आणि उघडा बोगदा दोन्ही मिळू शकतात, पंप मिळतीलच असे नाही. अर्धेच अंतर पेलणार असेल तर वॉशिंग्टन आणि पिट्सबर्गदरम्यानची ॲमट्रॅकची प्रवासी गाडी आधी आरक्षण केल्यास सायकलसह घेते. कंबरलंडला ती थांबते, आणि धावते बाल्टिमोर-ओहायोच्याच जुन्या मार्गावरून.